मे महिन्यातला परदेशी समुद्र: आधी किनारा ठरवा, देश मागून

"थायलंडला जायचंय, समुद्र बघायचाय" एवढंच ठरवून मेची तिकिटं काढणाऱ्यांची एक चूक हमखास होते. ते फुकेतला उतरतात. अंदमान समुद्राकडचा हा किनारा मेपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या थेट तोंडावर असतो. पाणी गढूळ, किनाऱ्यावर लाल बावटे, बेटांच्या बोटी कधी सुटतात तर कधी रद्द होतात, आणि मुलं हॉटेलच्या तलावात. त्याच देशाच्या दुसऱ्या अंगाला, थायलंडच्या आखातात, कोह सामुई मात्र त्याच आठवड्यात बऱ्यापैकी कोरडं असतं. विमानखर्चात थोडा फरक पडेल, सुट्टीत जमीन-अस्मानाचा.

चार-पाच दिवसांची सहल असेल तर असं काही निभावून नेता येतं. तीन-चार आठवड्यांसाठी आजी-आजोबांसकट घरदार घेऊन निघणार असाल, तर मात्र निवड उलट्या क्रमाने करा: आधी तारखा, मग वारा, मग किनारा आणि सर्वांत शेवटी देश.

तारखा

राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. सीबीएसईच्या शाळांचं वेळापत्रक ज्याचं त्याचं. शाळेच्या कॅलेंडरमधून तीन तारखा काढा: शेवटचा पेपर, निकाल, शाळा सुरू होण्याचा दिवस. सुरुवातीचे तीन आणि शेवटचे तीन दिवस वजा करा. उरलेले दिवस तुमचे. दहावी झालेलं मूल घरात असेल तर अकरावीच्या प्रवेशाची कागदपत्रं परदेशातून भरावी लागतील हे धरून चाला, नाहीतर जूनमध्ये जाऊच नका.

एकाच देशासाठीही पहिला पंधरवडा आणि शेवटचा पंधरवडा सारखे नसतात. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मेच्या सुरुवातीला अधूनमधून ऊन मिळतं, पण महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस बस्तान बसवतो.

वारा

नकाशा उघडा आणि एकच प्रश्न विचारा: हा किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा आहे की डोंगराच्या आडोशाला? मे-जूनमध्ये विषुववृत्ताच्या उत्तरेला, आपल्या बाजूच्या आशियात, पश्चिमेकडचे किनारे ओले आणि खवळलेले, तर पूर्वेकडचे शांत, असं ढोबळ गणित आहे. आपल्याच घाटाचं उदाहरण घ्या. लोणावळ्यात झोडपून काढतो तो पाऊस शिरूरपर्यंत पोचेतो भुरभुर होतो. बेटांवर तेच घडतं, फक्त छोट्या मापात.

या गणितात बसणारे आणि न बसणारे किनारे असे:

श्रीलंका: बेंटोटा, हिक्कडुवा, मिरिस्सा, म्हणजे जाहिरातीत दिसणारा सगळा दक्षिण-पश्चिम पट्टा, या काळात बाद. पूर्वेला त्रिंकोमालीजवळचं निलावेली आणि त्याच्या दक्षिणेकडचं पासिकुडा यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. पासिकुडाची खाडी इतकी उथळ आहे की लहान मुलं बरीच आतपर्यंत चालत जाऊ शकतात. त्याच किनाऱ्यावरचं अरुगम बे मात्र लाटांवर फळी घेऊन उतरणाऱ्यांचं आहे, पाच वर्षांच्या मुलाचं नाही. मुंबई-कोलंबो विमान अडीच तासांचं, पण कोलंबोहून त्रिंकोमाली रस्त्याने जवळपास सहा तास लागतात. उतरल्या उतरल्या तेवढा प्रवास अंगावर घेऊ नका. मध्ये दांबुला किंवा सिगिरियाला एक-दोन रात्री काढा. मोठ्या खासगी रुग्णालयासाठी परत कँडी किंवा कोलंबो गाठावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

बाली: विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेमध्ये तिथे कोरडा हंगाम लागतो. कुटुंबासाठी सानुर आणि नुसा दुआ हे दोन किनारे. दोन्हीकडे प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते. कुटा, सेमिन्याक आणि चांगू इथे लाटा थेट येतात आणि पाण्याला ओढ असते. संध्याकाळी वाळूत बसून सूर्यास्त बघायला ते उत्तम. थेट विमान मिळालं तर मुंबईहून साधारण साडेसात तास.

मॉरिशस: विषुववृत्ताच्या आणखी खाली, त्यामुळे मे-जून म्हणजे तिथला हिवाळ्याचा उंबरठा. ऊन सौम्य, उकाडा नाही, आणि ज्येष्ठांना हे हवामान सर्वांत मानवतं. मात्र आग्नेयेकडून वारा वाहतो. बेल मारचा पूर्व किनारा तेव्हा गार आणि वाऱ्याचा, तर पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक आणि वायव्येचं त्रू ओ बिश आडोशाला. मेमध्ये पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असतं, जूनमध्ये आणखी थोडं उतरतं. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारी झोपून पाचला समुद्रावर निघण्याची पुणेरी पद्धत इथे उपयोगाची नाही. बेटावर जुना मराठीभाषक समाज आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी म्हणजे डाळ भरलेली, गूळ न घातलेली पुरणपोळीच.

व्हिएतनाम: मध्य किनाऱ्यावरचं दा नांग आणि होई आनजवळचं आन बांग. मे ते ऑगस्ट समुद्र शांत, पण ऊन पुण्याच्या तोडीस तोड आणि वर घाम. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतरच बाहेर. जाहिरातीतलं फु क्वोक बेट देशाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. तिथे मेपासून पाऊस.

मलेशिया: पूर्वेकडची पेरहेंतियान, रेदांग आणि तिओमन ही बेटं साधारण मार्च ते ऑक्टोबर चालू असतात. पाणी काचेसारखं. पण पेरहेंतियानला मोटारी नाहीत, मोठी वैद्यकीय सोय नाही, आणि छोट्या स्पीडबोटीतून उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो. पाच रात्री झकास, महिना कठीण.

मालदीव: या काळात तिथे ओला हंगाम सुरू झालेला असतो. सलग पाऊस रोज नसतो, पण बोटीचा प्रवास उसळता. आणि एका छोट्या बेटावर दहाव्या दिवशी मुलं काय करतील याचं उत्तर आधी शोधा.

दुबईचा समुद्र मेमध्ये दुपारी वापरताच येत नाही. ग्रीस-तुर्कस्तानात हवा सुरेख असते, पण मेच्या सुरुवातीला पाणी विशीच्या आसपास, म्हणजे मुलांच्या दातखिळी बसतील इतकं गार. तिकडचा समुद्र जूनच्या मध्यापासून खरा सुरू होतो आणि तेव्हा आपल्या शाळा उघडतात.

एक खूण कायम लक्षात ठेवा: समुद्रासमोरचं चांगलं हॉटेल निम्म्या भावात दिसलं, तर आनंदून जाण्याआधी त्या महिन्यात तिथे वारा कुठून वाहतो ते बघा.

किनारा घरबसल्या वाचणं

दोन-तीन नावं हाताशी आली की प्रत्येक किनाऱ्याला उपग्रहाच्या नकाशावर अर्धा तास द्या. किनाऱ्यापासून काही अंतरावर, समांतर, पांढरी फेसाची रेघ दिसत असेल तर ती प्रवाळाची भिंत. रेघेच्या आतलं फिकट निळं पाणी म्हणजे वाळूचा तळ आणि उथळ. काठालगत गडद ठिपके असतील तर दगड, प्रवाळ किंवा समुद्री गवत. तिथे रबरी तळाचे बूट लागतील, कारण काटेरी साळूसारखी सागरी अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश अशाच जागी असतात. मॉरिशसला हे बूट ऐच्छिक समजू नका. फेसाच्या रेघा थेट वाळूला भिडलेल्या दिसल्या तर तो लाटांचा किनारा. जवळ नदीचं किंवा खाडीचं मुख असेल तर पाणी गढूळ आणि ओढ बेभरवशाची. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही खाड्यांत मगरीही आहेत.

मग फोटो. हॉटेलचे नव्हेत, पाहुण्यांनी टाकलेले. त्यात कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस काठापासून किती लांब आहे ते पाहा. वीस-तीस पावलं आत असेल तर उतार मंद. पाच पावलांवरच कंबर बुडत असेल आणि लाट काठावरच आपटून फुटत असेल तर उतार तीव्र. अशी लाट सत्तरीच्या माणसाला सहज पाडते आणि मान-खांद्याला मार बसतो. शेवटी प्रतिक्रिया वाचा, पण फक्त तुमच्या महिन्यातल्या. 'रेड फ्लॅग', 'सीवीड', 'जेलीफिश', 'वेव्ह्ज' हे शब्द शोधले की पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

प्रवाळाच्या आतल्या उथळ किनाऱ्याची एक गोची असते: ओहोटीला पाणीच राहत नाही. सानुरला सकाळी दहाला मुलं पोहली म्हणून आठवड्याने दहाला गेलात तर समोर नुसता ओला, खडबडीत तळ दिसेल. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित परक्या किनाऱ्यावर लागू पडत नाही, कारण पहिल्या भरतीची वेळच तिथे वेगळी असते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, एवढं मात्र बहुतेक किनाऱ्यांना लागू आहे. राहण्याच्या तारखांचं भरतीचं कोष्टक आधीच उतरवून घ्या आणि स्थळदर्शनाचे दिवस दुपारच्या ओहोटीला टाका.

पाण्याच्या ओढीबद्दल घरातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगा. पुण्याच्या टिळक टँकसारख्या तलावात पन्नास फेऱ्या मारणारा मुलगा समुद्रात तरबेज असेलच असं नाही. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतोय, तर नवख्याला तोच पट्टा सुरक्षित वाटतो. खरं तर तिथूनच पाणी परत आत ओढलं जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, त्याने फक्त दमछाक होते. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकून पट्ट्याबाहेर पडायचं. लाल-पिवळा बावटा म्हणजे जीवरक्षकांची हद्द, पोहायचं ते तिथेच. लाल म्हणजे नाही. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे जीव.

सामुई आणि शेजारच्या फांगन बेटाभोवती बॉक्स जेलीफिश आढळते. तिचा दंश जिवावर बेतू शकतो. म्हणून तिथल्या कित्येक किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. दंशावर गोडं पाणी ओतायचं नाही, चोळायचं नाही. निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं आणि रुग्णालय गाठायचं. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला. उन्हासाठीही तेच बरे.

मुक्काम

तीन आठवड्यांत पाच गावं करू नका. दोन तळ पुरेत: एक समुद्रावर बारा-चौदा रात्रींचा, दुसरा थोडा आत, डोंगराकडे किंवा शहरात. सानुर आणि उबुद, दा नांग आणि होई आन, निलावेली आणि कँडी अशा जोड्या सहज जमतात. समुद्रावर सलग पंधरा दिवसांनंतर मोठ्यांनाही वाळूचा कंटाळा येतो.

आठवड्याहून जास्त राहणार असाल तर खोलीपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. पक्कं करण्याआधी मालकाला लेखी विचारा: कपडे धुण्याचं यंत्र आहे का, शेगडी गॅसची की इंडक्शन (आपला ॲल्युमिनियमचा कुकर साध्या इंडक्शनवर तापत नाही), जिने किती, पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. 'समुद्रापासून ३०० मीटर' हे बहुतेक वेळा नकाशावरच्या सरळ रेषेत मोजलेलं असतं. तासाभरात पोचता येईल असं चांगलं रुग्णालय नसेल, तर ज्येष्ठांना घेऊन तिथे महिनाभर राहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शाकाहाराचं गणितही आत्ताच. भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. थाई स्वयंपाकात नाम प्ला, व्हिएतनामीत नुओक माम, दोन्ही मासळीचे रस. बालीच्या सांबलमध्ये तेरासी, म्हणजे कोळंबीचा खर्डा. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर 'जे' असेल तिथे निश्चिंत बसा, मात्र त्यात कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला 'चाय' म्हणतात. ती पाटी पाहून चहा मागू नका.

कागदपत्रं

पासपोर्टची परतीच्या तारखेपासून निदान सहा महिने मुदत उरलेली असावी, हा सर्वसाधारण नियम. मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो, आणि नेमका तोच संपत आलेला असतो. मार्चमध्ये लक्षात आलं तर पासपोर्ट केंद्रात वेळ मिळवण्यासाठी धावपळ होते. जानेवारीतच सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडून तारखा लिहून काढा.

व्हिसाचे नियम फिरत राहतात, म्हणून तिकिटाआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा त्या देशाच्या सरकारी साइटवर पाहा. सध्याचं ढोबळ चित्र: बालीला उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा आणि माणशी ५ लाख रुपिया, वर बेटाचा पर्यटक कर दीड लाख रुपिया. चौघांचे मिळून २६ लाख रुपिया झाले, आकडा ऐकून घाबरू नका. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलर, कमाल ९० दिवस. थायलंड आणि मलेशियाचे आगमनाचे डिजिटल फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आणि फुकट भरायचे असतात. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणारे ग्रीससारखे युरोपीय देश) प्रौढांसाठी ९० युरो शुल्क आणि किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो. मेसाठी मुलाखतीच्या वेळा लवकर भरतात.

अर्ज फसतात ते नावापाशी. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन तुकडे. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये पहिले दोन असतात, आणि फॉर्म भरताना वडिलांचं नाव गाळलं जातं. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, नाव अगदी तसंच, तिथे पाहून भरा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी दुरुस्ती करा. एकेरी नावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती पर्यटकाला प्रवेश देत नाही.

आई किंवा बाबा एकटेच मुलांना घेऊन जात असतील, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असू द्या. तिकडे गाडी चालवायची असेल तर पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. परवान्यात दुचाकी नोंदलेली नसेल तर भाड्याच्या स्कूटरवर अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारते. बाली आणि सामुईला हे फार घडतं.

पैसे

विमानाचा खर्च एकदाच होतो, रात्रींचा रोज होतो. म्हणून एक आठवडा असेल तर जवळचा देश स्वस्त, पण चार आठवडे असतील तर लांबचा पण स्वस्त राहण्याचा देश एकुणात कमी खर्चाचा ठरू शकतो. कागदावर दोन ओळी लिहा: (तिकीट + व्हिसा) × माणसं, आणि (घर + जेवण + गाडी) × रात्री. बेरीज करून मगच मत बनवा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणात वळता करता येतो, पण त्या वेळी खिशातून जातोच. परदेशात कार्ड घासताना यंत्र 'रुपयांत की स्थानिक चलनात' विचारतं. नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर तोट्याचा असतो.

निघताना

पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून थेट परदेशी विमानं मोजकी आहेत, त्यामुळे बहुतेकांना मुंबईच गाठायची असते. तिकिटावर विमानतळाचा संकेत वाचा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. टॅक्सीवाल्याला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगू नका. सहारसाठी उड्डाणाआधी आठ तास पुण्यातलं घर सोडा. खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की दोन तास गेलेच. जूनमध्ये परतताना पाऊस लागलेला असतो, तेव्हा उतरल्यावर पुण्यात दुसऱ्या कामाची वेळ देऊन ठेवू नका.

बॅगेत काय न्यायचं हे घरोघरी ठरलेलं असतं, म्हणून काय न्यायचं नाही तेवढं सांगतो. हापूसची पेटी नको, ताजी फळं बहुतेक ठिकाणी कस्टमवर अडतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको. आणि खसखस कुठल्याच बॅगेत नको: अमिराती आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे, नुसतं विमान बदलत असलात तरी. आजीच्या डब्यातले अनारसे खसखशीवर थापलेले असतात, आणि काही घरच्या गोड्या मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. मसाला कुटणाऱ्या बाईंना आधी विचारून घ्या.